रिकाम्या जागेलाच घर म्हणतात

चष्मा ठेवायच्या डबीला मराठीत चष्म्याचं घर म्हणतात. सदऱ्याची गुंडी अडकवायला कापडाला जी चीर पाडतात, तिला गुंडीचं घर म्हणतात. सोंगट्यांच्या पटावरचा एकेक चौकोनही घरच असतो. तिन्ही ठिकाणी या शब्दाचा अर्थ एकच आहे: कुणासाठी तरी मोकळी ठेवलेली जागा. चष्म्याच्या डबीत नाणी आणि चाव्या भरल्या तर डबी शाबूत राहील, पण चष्म्याचं घर गेलेलं असेल. गुंडीचं घर शिवून टाकलं तर कापड अधिक मजबूत होईल आणि सदरा उघडाच राहील.

भाषेतलं हे शहाणपण आपण माणसाच्या घराला मात्र लावत नाही. घराचा विषय निघाला की आपण खोल्या मोजतो, जागेचा दर विचारतो, कर्ज किती वर्षांचं आहे ते सांगतो. ‘घर पाहावं बांधून’ ही म्हणसुद्धा बांधण्याच्या दगदगीबद्दल आहे, राहण्याबद्दल नाही. मला असं म्हणायचं आहे की घर आपलं वाटतं ते त्यातल्या मोकळ्या जागेमुळे आणि मोकळ्या वेळामुळे. दोन कामांच्या मधला वेळ, ऊन उतरल्यापासून दिवा लागेपर्यंतचा, जेवण झाल्यापासून झोप येईपर्यंतचा, ज्याचा हिशेब घरातलं कुणी मागत नाही. हा वेळ गेला की भिंती उरतात. आणि त्याबरोबर आणखी काय जातं हे समजून घ्यायचं असेल तर आदिलाबादकडे पाहावं, कारण तिथला मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या कशाच्या तरी मधेच राहत आला आहे.

पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, पश्चिमेला नांदेडचं किनवट, पूर्वेला चंद्रपूरचे राजुरा आणि जिवती. या तिन्हींच्या कुशीत आदिलाबाद. निजामाच्या काळात यवतमाळ सोडून हा सगळा एकाच संस्थानाचा मुलूख होता आणि राजुरा, किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यं झाली. किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, नांदेडचं मुधोळ इकडे आलं, आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. २ जून २०१४ला ते तेलंगणचं झालं. ११ ऑक्टोबर २०१६ला जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम असिफाबाद असे चार तुकडे झाले. बेला किंवा जैनदच्या एखाद्या खेड्यात १९४०च्या सुमारास जन्मलेल्या बाईने निजामाचं राज्य पाहिलं, पोलीस कारवाईनंतरचं हैदराबाद राज्य पाहिलं, आंध्र पाहिलं, तेलंगण पाहिलं. या सगळ्यात तिने आपली खाट वसरीतून हलवलेली नाही.

अशा माणसाला ‘तुमचं घर कुठलं?’ असं विचारलं तर नकाशावर बोट ठेवून उत्तर देता येत नाही. आदिलाबादहून हैदराबादला रेल्वेने निघालं तर गाडी आधी महाराष्ट्रात शिरते. किनवट, भोकर, मुदखेड, धर्माबाद करत बासरला पुन्हा तेलंगणात येते. म्हणजे आपल्या राजधानीला जायचा रस्ता दुसऱ्या राज्यातून. दिवसाचंही तसंच. तहसिलात अर्ज तेलुगूत, बाजारात भाव दखनी उर्दूत, डोंगराकडून आलेल्या माणसाशी दोन शब्द गोंडीत, आणि लग्नाची पत्रिका मराठीत. ‘आम्ही ना इकडचे ना तिकडचे’ हे वाक्य या भागात तक्रारीच्या सुरात ऐकू येतं. तक्रार खरी आहे. तरी या वाक्यातच घराची एक व्याख्या दडलेली आहे, असं मला वाटतं.

त्या व्याख्येचा सगळ्यात स्पष्ट दाखला जुन्या आदिलाबादच्या पूर्व टोकाला आहे. मुकादमगुडा, परमडोली, महाराजगुडा, अंतापूर अशी काही गावं महाराष्ट्र चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात धरतो आणि तेलंगण असिफाबादच्या केरामेरी मंडलात धरतो. तिथल्या माणसांकडे दोन्ही राज्यांची ओळखपत्रं आहेत, दोन रेशनकार्डं आहेत, दोन्हीकडे त्यांनी मतदान केलेलं आहे. यातल्या एका गावातल्या घराची बातमी काही वर्षांपूर्वी देशभर झळकली होती. राज्यांची हद्द त्या घरातूनच जाते. स्वयंपाकघर तेलंगणात आणि निजायच्या खोल्या महाराष्ट्रात. बाहेरच्यांना ती गंमत वाटली आणि तिथेच विषय संपला.

मला त्या घराचं वेगळंच वाटतं. रोज रात्री कुणीतरी तिथे चुलीवरून भाकरी उचलतं आणि दुसऱ्या राज्यात बसलेल्याच्या ताटात वाढतं. वाढणाऱ्याला हद्द ओलांडल्याची जाणीवही होत नाही. दोन सरकारांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते त्या घराला जमलं आहे, कारण घराने त्या रेषेवर काही बांधलेलंच नाही. रेषा जिथून जाते तिथे मोकळी वाट आहे, येण्याजाण्याची. घर म्हणतात ते याला. ज्या ठिकाणी माणसाला आपण कोण, कुठले, कुणाचे, हे सिद्ध करावं लागत नाही, ते ठिकाण. दाराबाहेर प्रत्येकाला कुठला तरी कागद दाखवावा लागतो. आत आल्यावर ‘जेवला का?’ एवढंच विचारलं जातं, आणि त्या प्रश्नाला पुराव्याची गरज नसते.

आता वेळेकडे येतो. आदिलाबाद कापसाचा मुलूख आहे. दसऱ्याच्या आगेमागे वेचणी सुरू होते आणि भाव मनासारखा नसेल तर कापूस घरात येतो. बैठकीची खोली भरते, मग माजघर भरतं, कधी छतापर्यंत. माणसं उरलेल्या जागेत झोपतात. पोरं त्या पांढऱ्या ढिगावर उड्या मारतात आणि अंगाला खाज सुटली की मार खातात. त्या दिवसांत घर म्हणजे सगळ्यांनी मिळून थांबण्याची जागा असते. पीक आलेलं आहे, पैसा आलेला नाही. या मधल्या दिवसांत घरातली माणसं एकमेकांना नीट कळतात. बाप बाजारभावाची बातमी ऐकून किती वेळ गप्प बसतो, माय कोणता खर्च पुढे ढकलते आणि त्याचा उच्चारही करत नाही, हे पोरं याच दिवसांत शिकतात. सुख-दुःखाचे मोठे प्रसंग सगळ्यांना आठवतात. पण घर बरंचसं बनतं ते अशा थांबण्यातून.

हे थांबणं गोड करून सांगण्याचा मला अधिकार नाही. याच मुलखात, पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, कर्जाखाली दबलेल्या कापूस उत्पादकांनी जीव दिला आहे. सावकाराचा माणूस ओट्यावर बसलेला असेल तर संध्याकाळ निवांत नसते. घरातली शांतता आणि घरातली दहशत बाहेरून सारखीच दिसू शकते, दोन्हीकडे कुणी बोलत नसतं. फरक एवढाच की एका शांततेत माणूस सैल होतो आणि दुसरीत आक्रसतो. म्हणून निवांत क्षणांबद्दल बोलताना ते क्षण कुणाला परवडतात हा प्रश्न टाळता येत नाही. शेतमालाला भाव मिळणं हा घराच्याही बाजूचा मुद्दा आहे. थांबता येण्याइतकी ताकद शेतकऱ्यात असेल तरच त्याच्या घरात मोकळा वेळ असेल.

आणि तरीही मोकळा वेळ ही फक्त खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे, हे मला मान्य नाही. कारण आपल्या गरीब पूर्वजांनी तो वेळ नियम करून राखून ठेवला होता. तिन्हीसांजेला झाडू नये, झोपू नये, उसनं देऊ नये, सुई-दोरा हातात घेऊ नये, असं घराघरांत सांगायचे. लक्ष्मी येण्याची वेळ असते, हे त्याचं कारण. कारण बाजूला ठेवलं तरी नियमाचं काम दिसतं. दिवस आणि रात्रीच्या मधल्या त्या पाऊण तासात घराला हात थांबवायला लावायचे. दिवा लागायचा, पोरं शुभंकरोती म्हणायची, आणि त्या वेळेत काही कमवायचं नाही, काही आवरायचं नाही, असा दंडक होता.

आपल्या पंचांगाने तर याहून मोठी गोष्ट केली आहे. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकराएक दिवस उरतात, आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी त्यांचा एक जादा महिना घालावा लागतो. २०२३मध्ये श्रावण असाच दोनदा आला होता. त्या उरलेल्या वेळाचं आपण काय केलं? लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. धोंड्याच्या महिन्यात लेकीला आणि जावयाला घरी बोलवायचं, अनारसे करायचे, वाण द्यायचं. हिशेबात न बसणारे दिवस लेकीच्या माहेरपणाच्या कामी आले. तेलुगू शेजाऱ्यांचेही महिने असेच अमावास्येला संपतात, त्यांचा उगादी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी येतो, आणि अधिक महिनाही दोघांचा एकच. सीमेच्या दोन्ही बाजूंना उरलेला वेळ एकाच पद्धतीने मोजला जातो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माहेर म्हटलं की बाईचा विषय येतो, आणि इथे माझ्या म्हणण्याला सगळ्यात खरा विरोध आहे. एखादी बाई विचारेल: तुम्ही ज्या निवांतपणाचं कौतुक करता तो कुणाचा? पुरुष वसरीत टेकतो तेव्हा ती चुलीपुढे असते. तिन्हीसांजेला झाडू नये हे ठीक, पण दिवा कुणी लावायचा, भात कुणी टाकायचा? हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. आपल्या घरांनी रिकामा वेळ राखला, पण तो सारखा वाटला नाही. जुन्या बायकांना नुसतं बसण्याची सोयच नव्हती. म्हणून त्या वाती वळायच्या. मला आता वाटतं की वाती हे बसण्यासाठी शोधलेलं कारण होतं. हातात देवाचं काम असलं की ‘रिकामी बसली’ असं कुणी म्हणू शकत नसे. शेजारीण यायची, ‘बस नं वं जराशी’ म्हणत तिला सरकून जागा करून दिली जायची, आणि कापसाच्या आडून दोघी आपलं मन हलकं करायच्या.

पण याच बाईकडे मधल्या जागेचं ज्ञान सगळ्यात जास्त आहे. बेल्याच्या, जैनदच्या, तामसीच्या घरांत यवतमाळ आणि किनवटकडच्या लेकी सुना म्हणून येतात, इकडच्या लेकी तिकडे जातात. नदीवरच्या पुलावर एक राज्य संपून दुसरं सुरू होतं, आणि तिच्यासाठी तिथेच सासर संपून माहेर सुरू होतं. दोन्हीकडे ती अर्धी पाहुणी असते. इंद्रवेल्ली मंडलात केस्लापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. गोंडांच्या मेश्राम कुळाची माणसं त्याआधी पायी गोदावरीपर्यंत जाऊन पाणी आणतात आणि केस्लापुरात आली की लगेच देवळात न शिरता वडाखाली मुक्काम करतात. याच जत्रेत कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी ओळख करून देतात. त्या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. ती झाली की सून कुळाची. त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. नवं माणूस आपोआप घरचं होत नाही, त्याला वेळ लागतो, हे त्या समाजाने उघड कबूल केलं आहे. आपण मात्र सुनेने माप ओलांडलं की दुसऱ्या दिवशी तिने घर आपलं मानावं असं धरून चालतो. तिला स्वयंपाकघर देतो, आणि मोकळा वेळ देत नाही. ज्या घरात एखाद्या माणसाला काही न करता बसता येत नाही, ते घर अजून त्या माणसाचं झालेलं नाही. घर कुणाचं आहे हे ओळखायला मला यापेक्षा चांगली कसोटी माहीत नाही.

दुसरा आक्षेप जमिनीचा आहे. ज्याच्या नावावर वीतभर जागा नाही त्याला मोकळ्या वेळाच्या गोष्टी सांगणं ही क्रूर थट्टा आहे, असं कुणी म्हणेल. आदिलाबादला हे शिकवण्याची गरज नाही. निजामाच्या काळात राखीव जंगलाच्या नावाखाली गोंड आणि कोलामांच्या वस्त्याच्या वस्त्या उठवल्या गेल्या. त्याविरुद्ध उभा राहिलेला कोमरम भीम १९४०मध्ये जोडेघाटला मारला गेला. २० एप्रिल १९८१ला इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर उद्या कुणीही उतरवू शकतो, त्याला आजची संध्याकाळ उपभोगता येत नाही. म्हणून पट्टा हवाच, भिंत हवीच. पण कुंपण पिकासाठी असतं. पीक कोणतं घ्यायचं हे कुंपण सांगत नाही.

भीमच्या उठावानंतर, माणसं का पेटली ते समजून घ्यायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला या डोंगरांत पाठवलं. त्याची स्वतःची अवस्था विचित्र होती. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्याच्याकडे जर्मन पासपोर्ट होता, म्हणून इंग्रजांच्या लेखी तो शत्रूराष्ट्राचा माणूस. सुरुवातीला हैदराबाद संस्थानाबाहेर जाण्याची त्याला मुभा नव्हती. युद्ध संपेपर्यंत कुठे तरी काढायचा वेळ, एवढाच त्या वर्षांचा अर्थ होऊ शकला असता. तो आणि त्याची बायको बेटी मार्लवाई या गोंड खेड्यात झोपडी बांधून राहिले. १९४३मध्ये तिथे गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं. गोंडीतली वाचनपुस्तकं झाली ती देवनागरीत. पुढे जग त्यांना मोकळं झालं, ते लंडनला गेले, पण ही ओढ सुटली नाही. १९८७मध्ये बेटी हैदराबादला वारली, तिला मार्लवाईत पुरलं. १९९५मध्ये तो गेला, आणि २०१२मध्ये त्याच्या अस्थी तिच्याशेजारी आणल्या गेल्या. जन्म व्हिएन्नाचा, नोकरी लंडनची, आणि कायमची जागा मार्लवाईची. ते गाव त्यांच्या मालकीचं कधीच नव्हतं. वाट पाहायला लागली तो काळ त्यांनी तिथे काढला होता, गावाने त्यांना त्या काळात बसायला जागा दिली होती, आणि तेवढ्यावर ते त्यांचं झालं.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येतो. आदिलाबादेत मराठी ही कचेरीची भाषा नाही. जिल्ह्यात सरकारी मराठी शाळा आहेत, पण शिकून नोकरीला लागण्याचा रस्ता तेलुगू आणि इंग्रजीतून जातो. २०१८च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत तेलुगू सक्तीची केली. ज्या राज्यात राहायचं त्याची भाषा पोरांना आलीच पाहिजे, त्यात वावगं काही नाही. पण मग मराठी कुठे राहते? भजनात राहते, सप्ताहात राहते, आणि घरात राहते. घरातही कामाच्या वेळेची मराठी तोकडी असते: दे, घे, आण, चल. खरी मराठी येते ती काम संपल्यावर. आजोबा वसरीत टेकून जुनी गोष्ट सांगतात, एखाद्या वाटणीची, एखाद्या पुराची, हरवलेल्या बैलाची. माय भाकरी करता करता एखादी म्हण टाकते. या गप्पांतच ‘हुरहूर’, ‘जीव गुंतणं’, ‘करमत नाही’ असे शब्द पोरांच्या कानी पडतात. हे शब्द कुठल्याही अर्जात लागत नाहीत, परीक्षेत विचारत नाहीत. दिवेलागणीची वेळ नसेल तर त्यांना राहायला जागा नाही. जिथे भाषेला राज्य नसतं तिथे तिला हा मधला वेळ हेच घर असतं.

आणि तोच वेळ आपण भरून टाकत चाललो आहोत. नवी घरं पक्की झाली याचा मला आनंद आहे. गळक्या छपराखाली रात्र काढलेल्याने मातीच्या घराचे गोडवे गाऊ नयेत. पण नव्या नकाशात प्रत्येक जागेचं नाव ठरलेलं आहे: हॉल, किचन, बेडरूम. नाव नसलेली जागा नाही. वसरी लोखंडी जाळीआड गेली, मग तिथे मोटारसायकल लागली. ओटा रस्त्याच्या रुंदीकरणात गेला. वेळेचं तेच. गप्प बसण्याची वेळ आली की हात आपोआप फोनकडे जातो. एकाच खोलीत चार माणसं चार ठिकाणी असतात. पोरं हैदराबादला, नागपूरला, पुण्याला गेली. ती रोज व्हिडिओ कॉल करतात, खुशाली कळते, आणि दोन मिनिटांनी दोन्हीकडे बोलायला काही उरत नाही. फोनवर गप्प बसता येत नाही. घरात येतं. लेकरू दूर राहून नेमकं कशाला मुकतं हे इतक्या साध्या फरकात आहे.

मी जुनं परत आणा असं म्हणत नाही. घर बांधताना कामाविना एक जागा ठेवावी, चार फुटांची का होईना. दिवसातला एक तुकडा सगळ्यांचा रिकामा असावा, आणि सगळ्यांचा म्हणजे घरातल्या बाईचाही. ती बसलेली असताना दुसऱ्या कुणी तरी उठावं. त्या वेळेत कुणी काही शिकवू नये, विचारू नये, आठवण करून देऊ नये. एवढं झालं तरी घराला घरपण येईल आणि भाषेला ओसरी मिळेल.

कापूस विकला जातो त्या दिवसाची एक संध्याकाळ असते. गाडी भरून गेलेली असते. कित्येक आठवडे भरलेली खोली एकदम मोकळी झालेली असते आणि आधीपेक्षा मोठी वाटते. पोर आत जाऊन ओरडून पाहतं, आवाज घुमतो. भाव बरा मिळाला की कमी, ते अजून कुणी बोललेलं नसतं. दिवस बुडत आलेला असतो, म्हणून झाडू कोपऱ्यातच राहतो. माय वाकून भिंतीकडेला राहिलेले कापसाचे झेले ओटीत गोळा करते आणि वसरीत येऊन बसते. बोटांनी एकेक सरकी काढायला लागते. बाप येतो, शेजारी टेकतो, तिच्या ओटीतला थोडा कापूस आपल्या मांडीवर घेतो आणि तोही सरकी काढायला लागतो. कुणी कुणाला काही विचारत नाही. अंधार पडायच्या आत एक वात तयार होते.